सुकाणू-देखभाल व आपत्कालीन दिशानियंत्रण

शिडाच्या होडीचे सुकाणू कार्यक्षम राखणे आणि ते निकामी झाल्यास पर्यायी साधनांनी दिशा सांभाळणे. आरंभी नौका वल्ह्याने वळवीत. पिछाडीच्या मध्यावर बसवलेले सुकाणू चीनमध्ये इ. स. पहिल्या शतकात, तर यूरोपात बाराव्या शतकात आढळते (पहा : नौकानयन).

छोट्या होडीचे सुकाणू पिछाडीवरील कड्यांत खुंट्यांनी अडकवतात व दांड्याने फिरवतात. मोठ्या होडीत चाकाचा जोर पोलादी दोरांनी सुकाणूच्या दंडापर्यंत पोहोचतो. बिघाड बहुधा याच जोडसाखळीत होतो. म्हणून दोरांचे तुटके तंतू, कप्प्या, सैल बोल्ट, बेअरिंगची झीज, दंडाचा गंज व पात्यात मुरलेले पाणी तपासतात. दोर तुटल्यास दंडाच्या माथ्यावर आपत्कालीन दांडा बसवतात. पातेच गेले तर फळी बांधलेले वल्हे, मागे दोन दोरांनी ओढलेला, पाण्यात अडथळा करणारा रोधक (ड्रोग) किंवा शिडांचा तोल (पहा : शीड) वापरतात. याचा सराव शांत पाण्यात आधी करणे अत्यावश्यक आहे.

महिला नौदल अधिकाऱ्यांच्या 'नाविका सागर परिक्रमा' मोहिमेत (२०१७-१८) गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'ला सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात अनियोजित थांबा घ्यावा लागला.