ऐंशी चिठ्ठ्या आणि एक जंतू

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या धारावीतील सुमारे १०० खाजगी डॉक्टरांना क्षयरोगावर कोणती औषधे देता, असे विचारले गेले. उत्तरे आली ८० प्रकारची! २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. या वेळी ६३ प्रकार निघाले. यात बिघडले काय, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत हे औषध घेणारे ५५ पैकी ४ रोगी दगावले, न घेणारे ५२ पैकी १४. पण पाच वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते.

असे का व्हावे? साधा हिशेब करून पाहू. क्षयाच्या साधारण दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला मुळातच दाद देत नाही; रिफॅम्पिसिनला दहा कोटींत एखादा. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. एकच औषध दिले, तर असे जंतू वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. दोन्ही एकदम दिली, तर दोहोंतून निसटणारा जंतू एकावर चौदा शून्ये इतक्यांत एक! म्हणून औषधे एकत्र, योग्य मात्रेत आणि पूर्ण काळ द्यायची.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. त्यांपैकी तिघांना निरनिराळ्या डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत, बरेचदा चुकीच्या मात्रेत दिले होते. हिशेब नेमका इथेच चुकला होता.

प्रतिकार ओळखायचा कसा? जुन्या पद्धतीत जंतू औषध घातलेल्या माध्यमावर वाढतात का ते पाहतात. हा जंतू दुप्पट व्हायला सुमारे २० तास घेतो, त्यामुळे उत्तराला कित्येक आठवडे लागतात. तोवर रोगी निरुपयोगी औषध घेतो आणि घरच्यांना लागण होत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली जीन-एक्सपर्ट चाचणी रिफॅम्पिसिनशी संबंधित जनुकातील बदल दोन तासांत दाखवते.

मे २०१२ मध्ये भारतात क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. मात्र चाचणी प्रतिकार दाखवते, थांबवत नाही. तो थांबतो योग्य चिठ्ठीने आणि बरे वाटू लागल्यावरही न सोडलेल्या गोळ्यांनी. वर्गात वरचा गुणाकार फळ्यावर करून दाखवला, तर ही गोष्ट घरोघरी पोहोचेल.