हारुनोबूची सात लग्नचित्रं

पारंपरिक जपानी लग्न म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर शिंतो देवस्थान, पुरोहित आणि पांढऱ्या वेशातली नवरी येते. सुझुकी हारुनोबूने १७६९च्या सुमारास केलेली सात चित्रांची लग्नमालिका बघा. देवस्थानातला विधी नाही, पुरोहितही नाही. सगळं घरात.

मालिकेच्या नावाचा अर्थ ढोबळपणे 'पतिव्रतेचा रथ, किनखाबी रंगांत'. किनखाब म्हणजे 'निशिकि'. १७६५पासून निघालेल्या बहुरंगी छापांना 'निशिकि-ए' म्हणत. प्रत्येक रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठोकळा आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला 'केंतो' नावाच्या खाचा. कारखान्यात आम्ही लोकेटिंग पिन वापरायचो, तिचंच हे काम!

पहिलं चित्र 'मिआइ', म्हणजे आपला बघण्याचा कार्यक्रम. एदोत हा बहुधा चहाच्या दुकानात किंवा देवळाच्या आवारात व्हायचा, जणू सहज गाठ पडली. (पोहे नाहीत, चहा मात्र आहे.) मग 'युइनो', साखरपुड्याच्या भेटी. नंतर मेण्यातून नवरीची पाठवणी. मोठ्या घरच्या रुखवतात शिंपल्यांचे पेटारे अग्रभागी असत. शिंपल्याचं एक शकल फक्त आपल्याच जोडीच्या शकलाशी जुळतं, दुसऱ्या कुठल्याही नाही. जोडप्यासाठी याहून नेमकी खूण मला तरी माहीत नाही.

चौथं चित्र मुख्य: 'साकाझुकि', साकेचे प्याले. तीन प्याले, प्रत्येकाचे तीन घोट. एवढ्यावर लग्न लागलं. पुढे नवरी पांढरा वेश उतरवून रंगीत घालते, ते 'इरोनाओशि'.

मग पुरोहित आला कधी? १० मे १९०० रोजी युवराज योशिहितोचं लग्न राजवाड्यातल्या देवघरासमोर लागलं. पुढच्याच वर्षी तोक्योच्या हिबिया देवस्थानाने तसा विधी सामान्यांसाठी बसवला. ज्याला आपण प्राचीन समजतो त्याचं वय सव्वाशे वर्षं.

अर्थात, ही चित्रं म्हणजे फोटो नव्हेत. ऐपतदार घरचं, आदर्श म्हणून मांडलेलं लग्न आहे हे. गरिबाघरी एवढा थाट कुठला?

सहाव्या चित्रात शयनगृहातला प्याला, आणि सातव्यात पहिलं बाळंतपण. लग्नाची मालिका वरातीवर संपत नाही, पाळण्यापर्यंत जाते. घराण्याला मूल मिळेपर्यंत लग्न पुरं झालं नाही, असा तो हिशेब दिसतो. नावातल्या 'पतिव्रते'चा उलगडा मला या शेवटच्या चित्रापाशी झाला.