आयत्या पिठावरच्या रेघोट्या

बंगळूरचा विमानतळ २००८ मध्ये देवनहळ्ळीला आला. तेव्हापासून विमानाने बंगळूरला येणारा माणूस, मग तो संगणक अभियंता असो की फुटबॉलचा प्रशिक्षक, पहिलं पाऊल टाकतो ते देवनहळ्ळीच्या जमिनीवर. तिथून जवळच असलेल्या किल्ल्याकडे मात्र क्वचितच कुणाची वाट वळते. या किल्ल्याच्या १७४९ च्या वेढ्यात म्हैसूरच्या फौजेतला हैदर अली पहिल्यांदा वरिष्ठांच्या नजरेत भरला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत याच गावात त्याचा मुलगा टिपू जन्मला. बापाने नाव कमावायला सुरुवात केली ते गाव आणि मुलाचं जन्मगाव एकच. त्यामुळे वारशाचा प्रश्न तपासायला देवनहळ्ळी ही बरी जागा आहे. कुणी नव्याने गादीवर बसतो आणि पहिल्याच वर्षी जिंकतो, तेव्हा तो विजय कुणाच्या खात्यावर मांडायचा?

मराठीने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच देऊन टाकलं आहे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे, आयत्या बिळावर नागोबा होणे, असे वाक्प्रचार आपल्या जिभेवर तयारच असतात. दळणारा वेगळा आणि रेघोट्या ओढणारा वेगळा, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. खेळाच्या मैदानावर हे गृहीतक कितपत टिकतं, हे पाहायला बंगळूरमध्येच एक चोख उदाहरण घडलं आहे. बंगळूर फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात याचा २०१८-१९ चा हंगाम.

क्लबचा इतिहास छोटा आहे. २०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने तो स्थापन केला. पहिले प्रशिक्षक अ‍ॅशली वेस्टवूड यांनी पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली आणि २०१५-१६ मध्ये पुन्हा जिंकली. त्यांच्यामागून २०१६ मध्ये स्पेनचे आल्बर्ट रोका आले आणि त्याच वर्षी संघ एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०१७ मध्ये क्लब इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला तेव्हा रोकांनी संघाची नव्याने बांधणी केली. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, मध्यफळीत दिमास देल्गादो, आघाडीला व्हेनेझुएलाचा मिकू, बचावात मुंबईचा राहुल भेके हे सारे त्या वर्षी आले. सुनील छेत्री पहिल्या दिवसापासून होताच. या संघाने १८ साखळी सामन्यांत ४० गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या चेन्नईयिनला ३२ गुण होते. आणि मग १७ मार्च २०१८ ला, स्वतःच्या कंठीरव मैदानावर, त्याच चेन्नईयिनने अंतिम सामना ३-२ असा जिंकला. चेन्नईयिनच्या मायल्सन आल्वेसने कॉर्नरवर डोक्याने मारलेले दोन गोल बंगळूरला नडले. एप्रिलमध्ये रोकांनी सुपर कप जिंकून दिला आणि ते निघून गेले.

रोकांच्या हाताखाली सहायक असलेले क्वाद्रात आता मुख्य प्रशिक्षक झाले. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ ला मुंबईत, बंगळूरने एफसी गोवाला जादा वेळेत १-० असं हरवलं आणि क्लबच्या हाती पहिल्यांदा हा चषक आला.

आता हिशेब मांडू. वारशाच्या बाजूने बोलणाऱ्याकडे भरपूर पुरावा आहे. निर्णायक गोल ११७ व्या मिनिटाला झाला. कॉर्नर घेतला दिमासने, हेडर मारला भेकेने. दोघेही रोकांच्या काळात आलेले. उपान्त्य फेरीत नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध पहिला सामना २-१ असा गमावल्यावर परतीच्या सामन्यात बंगळूरने तीन गोल केले. ते मिकू, दिमास आणि छेत्री यांचे, म्हणजे तिन्ही जुन्याच खेळाडूंचे. शिवाय गुणतालिका पाहा. क्वाद्रातांच्या संघाने ३४ गुण मिळवले, रोकांच्या संघापेक्षा सहा कमी. एफसी गोवाचेही ३४ च होते. आपापसातले दोन्ही सामने बंगळूरने जिंकले होते म्हणून पहिला क्रमांक मिळाला. चषक म्हणतो क्वाद्रात सरस. अठरा सामन्यांचा हिशेब म्हणतो रोका सरस. अंतिम सामना एका रात्रीचा असतो आणि साखळी काही महिन्यांची, हे लक्षात घेतलं तर दुसऱ्या साक्षीदारावर अधिक भरवसा ठेवावा लागेल.

पण हा हिशेब एका गोष्टीवर अडतो. वारसा म्हणून जे मिळालं ते २०१८ च्या उन्हाळ्यात होतं तसंच राहिलं नव्हतं. बचावातला जॉन जॉन्सन आणि डावीकडचा शुभाशीष बोस दुसरीकडे गेले. लेनी रॉड्रिग्ज गोव्याला गेला, म्हणजे अंतिम फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याकडेच. आदल्या हंगामात १५ गोल केलेला मिकू दुखापतीमुळे बराच काळ बाहेर बसला आणि त्याचे या लीगमध्ये पाचच गोल झाले. क्वाद्रातांची सुरुवातही विजयाची नव्हती. ऑगस्टमध्ये एएफसी चषकात तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असीर संघाने बंगळूरला दोन सामन्यांत मिळून ५-४ असं हरवून बाहेर काढलं होतं. यादीतली नावं कागदावर बरीचशी तीच होती, मैदानावरचा संघ तो नव्हता. सहा गुणांची घट हा प्रशिक्षकाचा दोष मानायचा की गळतीची किंमत, हे गुणतालिका सांगत नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. रोका आणि क्वाद्रात ही दोन वेगळी घरं नव्हती. क्वाद्रात बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत घडले. गलातासराय आणि सौदी अरेबियाच्या संघांबरोबर फ्रँक रायकार्ड यांच्या हाताखाली दोघांनी काम केलं, पुढे एल साल्वादोरच्या राष्ट्रीय संघात रोका मुख्य आणि क्वाद्रात सहायक होते. बंगळूरचा संघ बांधला जात असताना क्वाद्रात रोज सरावाला हजर होते. जे पीठ त्यांना आयतं मिळालं असं आपण म्हणतो, त्याच्या जात्याला त्यांचाही हात लागलेला होता. सहायकाचं काम कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. म्हणून तो मुख्य झाला की त्याच्याच जुन्या कष्टांना आपण त्याचा वारसा म्हणू लागतो.

टिपूचंही तसंच होतं. ७ डिसेंबर १७८२ ला, इंग्रजांशी युद्ध ऐन भरात असताना, हैदर अली चित्तूरजवळच्या छावणीत वारला. टिपू तेव्हा मलबारच्या बाजूला मोहिमेवर होता. तो येऊन पोहोचेपर्यंत पूर्णय्या आणि कृष्णराव या कारभाऱ्यांनी मृत्यूची बातमी बाहेर फुटू दिली नाही. फौज, खजिना, फ्रेंचांची मदत, असे कारभारी, सगळं बापाने जमवलेलं. पण १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांची दाणादाण उडाली तेव्हा टिपू स्वतः त्या लढाईत होता. बापाच्या फौजेतला सरदार म्हणून त्याने जे कमावलं, तेच त्याला वारशात मिळालं.

वारशात केवळ गुणी माणसं येतात असंही नाही. हैदरने बिदनूरवर नेमलेला शेख अयाज याने १७८३ च्या सुरुवातीला ते ठाणं इंग्रजांच्या हवाली केलं. टिपूला ते त्याच वर्षी लढून परत घ्यावं लागलं. पुढे मंगळूरचा लांबलचक वेढा झाला आणि मार्च १७८४ मध्ये इंग्रजांच्या वकिलांना मंगळूरला येऊन तह करावा लागला. दोन्ही पक्षांनी जिंकलेला मुलूख एकमेकांना परत केला. गादीवर आल्यापासून सव्वा वर्षातलं हे यश. इथेच थांबलो तर टिपू बापासारखाच ठरतो. पण १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने देवनहळ्ळीचा किल्ला घेतला, १७९२ च्या तहात अर्धं राज्य गेलं आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. तोवर शत्रू बदलले होते, मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला गेले होते. वारशाची पुण्याई किती पुरली आणि कुठे संपली, याची रेघ नेमकी मारता येत नाही.

क्वाद्रातांचं पुढे काय झालं? २०१९-२० मध्ये बंगळूर तिसरं आलं आणि उपान्त्य फेरीत एटीकेकडून हरलं. मिकू तोवर गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये लागोपाठ तीन पराभव झाले आणि क्लबने त्यांना निरोप दिला. वारसावादी म्हणतील, पाहा, शिदोरी संपली. मग २०२३ मध्ये ते ईस्ट बंगालला गेले. हा क्लब आधीच्या तीन हंगामांत या लीगमध्ये नववा, अकरावा आणि नववा आला होता. म्हणजे इथे वारशात मिळालं ते अपयशच. त्यांच्या पहिल्या वर्षी संघ ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपर कप जिंकला. क्लबला बारा वर्षांनी मिळालेला हा राष्ट्रीय चषक. लीगमध्ये मात्र तो पुन्हा नववाच आला आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीच्या पराभवांनंतर क्वाद्रात तिथूनही गेले. एकाच माणसाची दोन पहिली वर्षं, एक भरल्या घरातलं, एक रिकाम्या. दोन्हीकडे चषक आहे आणि दोन्हीकडे पुढे निरोपही आहे, बंगळूरला तिसऱ्या हंगामात आणि ईस्ट बंगालला दुसऱ्याच. यातून एक अंदाज बांधता येतो. थोड्या सामन्यांच्या बाद फेरीसाठी संघ तयार करण्याची हातोटी त्यांची स्वतःची असावी, कारण ती दोन अगदी वेगळ्या घरांत दिसली. लांब पल्ल्याच्या साखळीतलं सातत्य मात्र घरात काय आहे त्यावर अवलंबून राहिलं. पहिल्या वर्षाचा न्याय करायचा असेल तर तो असा, त्याच माणसाला दुसऱ्या घरात पाहिल्यावरच करता येतो.

हाच प्रश्न एकदा बार्सिलोनातही उभा राहिला होता. रायकार्ड २००८ मध्ये तिथून गेले, त्यांच्या चमूत रोकाही होते. त्यांच्या जागी आलेल्या पेप ग्वार्दिओलांना मेस्सी, झावी, इनिएस्ता आयते मिळाले आणि २००९ मध्ये त्यांनी लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही जिंकलं. पण तोच संघ आदल्या दोन वर्षांत मोठी स्पर्धा जिंकू शकला नव्हता. ग्वार्दिओलांनी रोनाल्डिनो आणि डेको यांना निरोप दिला आणि राखीव संघातल्या सर्जिओ बुस्केट्सला वर आणलं. वारशातलं काय ठेवायचं नाही हे ठरवणं हेही वारसदाराचंच काम, आणि त्याची जोखीमही त्याचीच.

अनुवादाच्या धंद्यात हा वाद रोजचा आहे. अनुवाद वाचनीय झाला तर मूळ लेखक थोर, अडखळला तर अनुवादक कच्चा. मूळ संहिता ही अनुवादकाला मिळालेली आयती गुणवत्ता खरीच. पण ती हातात असूनही पुस्तक मराठीत मरू शकतं, आणि तसं मेलेलं एखादं पुस्तक प्रत्येक वाचकाच्या कपाटात असतं. चांगलं मिळालेलं बिघडू न देणं हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याला कर्तृत्व म्हणायला आपली जीभ अडखळते.

टिपूनंतर पूर्णय्या वडियारांच्या नव्या राज्याचे दिवाण झाले आणि १८११ पर्यंत कारभार पाहत राहिले. क्वाद्रात गेल्यावर छेत्रीही बंगळूरलाच राहिला. गुणी माणसं अशी एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि प्रत्येक हात काही काळ त्यांना आपली म्हणतो. नव्या प्रशिक्षकाकडे आयतं काय होतं याची यादी जरूर करावी, पण त्याच यादीत त्याच्या हातून पुढच्याला काय मिळालं याचीही नोंद हवी. २०१९ मध्ये क्वाद्रातांच्या काळात क्लबात आलेला मणिपूरचा सुरेश सिंग वांगजाम पुढे भारताकडून खेळला. त्यांच्यामागून आलेल्या प्रशिक्षकांना तो आयताच मिळाला.