अँगल ग्राइंडर
धातूचे पृष्ठभाग घासण्यासाठी, वितळजोडावरील उंचवटे काढण्यासाठी आणि सळया, नळ्या, पत्रे कापण्यासाठी वापरण्यात येणारे, हाती धरून चालवावयाचे विद्युत् यंत्र. यातील चलित्राचा व चक्रीचा दंड परस्परांशी काटकोनात असतात. त्यावरून हे नाव पडले.

पूर्वी ही कामे छिन्नी आणि कानस यांनी होत. जर्मनीतील आकरमान व श्मिट या कंपनीने १९२२ मध्ये लवचिक दंडाचे हातयंत्र काढले व १९५४ मध्ये द्रुतगती अँगल ग्राइंडर प्रचारात आणला. ‘फ्लेक्स’ या तिच्या नाममुद्रेवरून जर्मन बोलीत या यंत्रालाच तसे म्हणतात. तथापि यंत्राइतकेच श्रेय चक्रीला दिले पाहिजे. काचतंतूंच्या जाळीने बळकट केलेली रेझिनबद्ध चक्री नसती, तर एवढा वेग हातात धरणे शक्य झाले नसते.

महाराष्ट्रात अपघर्षक चाकांचे उत्पादन ग्राइंडवेल कंपनीने उरणजवळील मोरा येथे केले. तिची स्थापना १९४१ ची. शिरोळ (जि. कोल्हापूर) येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या कुलकर्णी पॉवर टूल्सने विद्युत् हत्यारांचे उत्पादन ग्रामीण भागात नेले. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात सांगाडे व जाळ्या बनविणाऱ्या लहान कर्मशाळांचे हे नित्याचे हत्यार आहे.

यंत्र निवडताना खरेदीदार बहुधा वॉट पाहतो. खरा निकष वेगाचा आहे. चक्रीच्या परिघाचा वेग सामान्यतः सेकंदाला ८० मी. पेक्षा अधिक होऊ द्यावयाचा नसतो. म्हणून २३० मिमी. व्यासाच्या यंत्राचे फेरे मिनिटाला सु. ६,६००, तर १८० मिमी.च्या यंत्राचे सु. ८,५०० असतात, १०० मिमी.चे लहान यंत्र मात्र सु. ११,००० फेरे घेते. या लहान यंत्राचे संरक्षक आवरण काढून त्यावर १८० मिमी.ची चक्री बसविल्यास परिघाचा वेग सेकंदाला १०० मी. च्या वर जातो आणि चक्रीचे तुकडे उडून चेहरा किंवा मान कापली जाऊ शकते. काम लवकर उरकते म्हणून ही युक्ती करणारे कारागीर आढळतात. ती हुशारी नव्हे.

वितळजोड साफ करण्यास व पातळ पत्र्यास १०० मिमी. पुरेसे होते. जाड कोनपट्ट्या सतत कापावयाच्या असतील, तर मोठे यंत्र घ्यावे, मात्र ते जड असल्याने शिडीवर वापरू नये. चक्रीवर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांहून कमी नसावेत. रेझिन काळाने दुबळे होते. चक्रीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत कोरलेली असल्यास ती उलटलेली नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.