वंशावळीत न लिहिलेले

वाशीमचा ताम्रपट १९३९ साली अभ्यासकांच्या हाती आला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथून वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी हे दानपत्र दिले. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा व्यवहार प्राकृतात. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन, सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती, असा क्रम त्यात येतो. यज्ञांची गणती येते, पराक्रम येतो. ह्या राजांपैकी कोण कशाने आजारी पडला, हे मात्र येत नाही. येण्याचे कारणही नाही, कारण दानपत्र पुण्याची नोंद ठेवते, व्याधीची नव्हे.

व्याधी दंतकथेच्या वाट्याला आली. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग जडला, एका डोहात स्नान करताच तो बरा झाला आणि त्याने त्या डोहाचे तीर्थ केले, अशी पद्मतीर्थाची कथा वाशीमला सांगितली जाते. राजवंशाच्या लेखात नावे राहिली आणि लोकांच्या स्मृतीत आजार राहिला. ह्या दोन नोंदी एकाच कागदावर आणण्याचे काम फार उशिरा झाले आणि ते वैद्यांनी केले. आनुवंशिक मेंदूविकारांचा इतिहास हा मुख्यतः वंशावळी नव्याने लिहिण्याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

त्याचा आरंभ बहुतेक लेखक १८७२ सालापासून धरतात. त्या वर्षी जॉर्ज हंटिंग्टन ह्या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टराने कोरिया ह्या विकारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कोरिया हा शब्द ग्रीक नृत्यवाचक शब्दावरून आला आहे. रोग्याचे हातपाय त्याच्या इच्छेविना हलत राहतात, म्हणून हे नाव. हंटिंग्टनचे वडील आणि आजोबा दोघेही लाँग आयलंडवर वैद्यकी करीत. लहानपणी वडिलांबरोबर फिरताना त्याला रस्त्यात दोन स्त्रिया दिसल्या होत्या. दोघीही उंच आणि कृश. अंग वेळावत, चेहरा वेडावत चाललेल्या. त्या मायलेकी होत्या. ही आठवण त्याने उतारवयात सांगितली. तीन पिढ्यांच्या निरीक्षणांवरून त्याने दाखवून दिले की हा रोग आनुवंशिक आहे, तो प्रौढ वयात उद्भवतो आणि त्यात बुद्धी व मन दोन्ही ढासळतात. एखाद्या पिढीत रोग निघाला नाही तर त्या शाखेतला धागा कायमचा तुटतो, हेही त्याने नोंदवले. मेंडेलचे नियम जगाला पुन्हा सापडायला तेव्हा २८ वर्षे अवकाश होता.

वैद्यकातील वंशवृक्षात पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतात. रोग असेल तर ती आकृती काळी भरतात. राजवंशावळीत आणि ह्या आकृतीत एक मूलगामी फरक आहे. राजवंश बापाकडून मुलाकडे जातो, आजार तसे काही पाळत नाही. हंटिंग्टन रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. ते आईकडूनही येते, बापाकडूनही, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. येथे वाकाटकांचीच प्रभावतीगुप्ता आठवते. थोरल्या शाखेची ही राणी आपल्या पुणे ताम्रपटात सासरच्या नव्हे, माहेरच्या गुप्त वंशाची वंशावळ देते. आपल्या घरांतील वंशावळींत मात्र लेकी सहसा गळतात, आणि त्यांच्याबरोबर रोगाची निम्मी वाटही गळते. मग मावशीला काय झाले होते, हे भाच्याच्या आजारपणात कोणाला आठवत नाही.

महाराष्ट्रात ही वंशावळ काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांमध्ये डॉ. नोशीर वाडिया ह्यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करीत असताना वाडिया आणि स्वामी ह्यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ ह्या नियतकालिकात नऊ घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या घराण्यांतील रुग्णांचा तोल जात असे आणि त्यांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर अतिशय सावकाश जात असे. लहान मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाचा हा वेगळा प्रकार आहे, असे त्यांनी मांडले. ह्या प्रकाराशी जुळणारे जनुक १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावर सापडले. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध करून मंदावलेल्या नजरेचे महत्त्व पुन्हा दाखवले. डोळ्यांनी पाहिलेले आधी आले, रेणूंनी दिलेली साक्ष मागाहून आली.

हंटिंग्टन रोगाची कथाही अशीच घडली. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या घराण्यांत लोक ह्या रोगाला संत व्हितोचा आजार म्हणत. आमेरिको नेग्रेते ह्या डॉक्टराने १९५०च्या दशकात तो ओळखला. पुढे नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विस्तृत वंशावळ आणि रक्ताचे हजारो नमुने जमवले. १९८३ साली जनुकाचा पत्ता लागला, १९९३ साली जनुक हाती आले. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात. पुनरावृत्ती २६ पर्यंत असेल तर ती सर्वसामान्य. ४० वा अधिक झाली की आयुष्य पुरेसे लाभल्यास रोग होतोच. वेक्सलर ह्यांच्या आई ह्याच रोगाने १९७८ साली गेल्या होत्या, आणि आपल्यालाही तो झाल्याचे वेक्सलर ह्यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले. वंशावळ लिहिणाराही वंशावळीतच असतो, हे ह्याहून स्पष्ट कशाने होणार?

पण अक्षरे मोजून एक प्रश्न सुटला नाही. पुनरावृत्ती जितकी लांब तितका रोग लवकर येण्याचा कल असतो; तरी सारख्याच लांबीच्या दोन माणसांत एकाची बुद्धी झपाट्याने मंदावते, दुसऱ्याची सावकाश. ही घसरण मोजण्याची एक कसोटी आम्हा भाषेच्या शिक्षकांना चटका लावते. रुग्णाला एक अक्षर देतात आणि एका मिनिटात त्या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायला सांगतात. शब्द माहीत असतात, ओठांपर्यंत येत नाहीत.

ही गती आधी कळावी म्हणून संशोधक रक्ताकडे वळले. त्याला कारण होते. ह्या रोगात मेंदूतील हायपोथॅलॅमस ह्या भागालाही इजा होते, आणि शरीरातील बहुतेक संप्रेरकांचा कारभार तेथूनच चालतो. भरपूर खाऊनही रुग्ण वाळत जातो. काही अभ्यासांत रुग्णांच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढलेले, तर पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले. २०१० साली फ्रेंच संशोधकांनी आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला: वाढीच्या संप्रेरकाच्या आज्ञेवरून मुख्यतः यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ हे द्रव्य ज्यांच्या रक्तात अधिक, त्यांची बौद्धिक घसरणही अधिक. गंमत अशी की २००२ साली फ्रान्समध्येच प्रयोगशाळेतील चेतापेशींवर झालेल्या प्रयोगांत हेच द्रव्य त्या पेशींचे रक्षण करताना दिसले होते.

मग ते शत्रू की मित्र? इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे ठरत नाही. वाढलेले द्रव्य घसरणीचे कारण असेल, खचणाऱ्या मेंदूला वाचवण्याची शरीराची धडपड असेल, किंवा दोन्हींमागे तिसरेच काही असेल. शिवाय कॉर्टिसॉल पहाटेसकाळी चढलेले असते आणि रात्री उतरते. वेळेची नोंद नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. रक्तातला आकडा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. ताम्रपटावरील विशेषणे जशी संदर्भ पाहून वाचावी लागतात, तसाच हा आकडाही.

हे सारे वाशीमला बसून लिहिण्याचे प्रयोजन काय? २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. पण चाळिशीत ज्याचे हातपाय आपोआप हलू लागतात आणि हिशेब चुकू लागतो, त्याला आजही आधी दारुडा ठरवतात, नाहीतर बाहेरची बाधा म्हणतात. घरात लग्नाच्या मुली असतील तर आजार झाकला जातो. ह्या झाकण्याला आम्ही सरसकट दोष देणार नाही. भविष्य सांगणारी जनुकचाचणी उपलब्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य देशांतही बहुसंख्यांनी ती न करणेच पसंत केले. बरे करणारा उपाय हाती नसताना न जाणण्याचा अधिकार हाही एक अधिकार आहे.

मात्र न जाणणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. चाचणी करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ते ठरवण्यासाठी आपल्या घरात काय घडले होते, हे त्याला कळायला हवे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आजी कितव्या वर्षी अडखळू लागली, मामाचे बोलणे कधी तुटले, एवढे घरातल्या वहीत लिहिलेले पुरे. वत्सगुल्माच्या राजांनी आपली पुण्ये तांब्यावर कोरून ठेवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहेत. आपण निदान आपली दुखणी कागदावर ठेवावीत, आणि त्यांत लेकींची नावेही असावीत.