बंद करण्याचें बटण

राज्यांतील आणि धर्मपंथांतील फुटी आमच्या वाचकांस परिचितच आहेत. परंतु जेथें काम स्वेच्छेचें, कोणावर सक्ती नाहीं आणि रुसलेल्यास अडवून ठेवण्याचें साधनहि नाहीं, अशा मंडळींत मतभेद कसे निभतात हें पाहावयाचें असेल, तर ग्नोम या संगणक-प्रकल्पाचा इतिहास चाळावा.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, याद्या, बटणें यांची सर्वांस झेपेल अशी मांडणी असावी, आणि तिची मूळ संहिता कोणासहि उघडून बदलतां यावी, या हेतूनें मिगेल दि इकाझा व फेदेरिको मेना या दोघां मेक्सिकन तरुणांनीं इ. स. १९९७ च्या ऑगस्टांत ग्नोमचा आरंभ केला. पुढें रेड हॅटसारख्या कंपन्यांनीं कांहीं कार्यकर्ते पगारी ठेविले. तरी इतरांस हुकूम सोडण्याचा अधिकार त्यामुळें कोणास मिळाला नाहीं.

असल्या प्रकल्पांत वाद मिटविण्याची एक रीत रूढ होती. दोघांचीं मतें जुळलीं नाहींत, कीं दोन्ही ठेवावयाचीं आणि निवडीसाठीं एक चौकोन देऊन मोकळें व्हावयाचें. ही रीत वरून उदार दिसते. परंतु हा तह नव्हे, आपल्या भांडणाचें ओझें तिसऱ्याच्या डोक्यावर ठेवणें होय. इ. स. २००१ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें नवख्या माणसांस ग्नोमसमोर बसवून पाहिलें, तेव्हां कार्यकर्त्यांस सरळ वाटणारे कित्येक शब्द व खुणा परक्या माणसास उमगत नाहींत असें आढळलें. हॅवॉक पेनिंग्टन यांनीं पुढच्याच वर्षीं प्रतिपादिलें कीं, प्रत्येक पर्यायास किंमत पडते. तो तपासावा लागतो, बिघडतो आणि वाचणाऱ्यास गोंधळवितो. त्याच वर्षीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत पर्यायांची छाटणी झाली. ती आमच्या मतें योग्यच होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांस मात्र ती मानवली नाहीं. ग्नोमचे लोक वापरणाऱ्यांस मूर्ख समजतात, असें म्हणून २००५ मध्यें त्यांनीं प्रतिस्पर्धी केडीई वापरण्याचा उघड सल्ला दिला.

खरा स्फोट झाला तो ६ एप्रिल २०११ रोजीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीनें. खालचा फलक गेला, खिडकी खालीं दडविण्याचें बटण गेलें. आणि संगणक बंद करण्याची आज्ञा यादींतून नाहींशी झाली! आल्ट ही कळ दाबून धरली तरच ती प्रकट होई. रचनाकारांची विचारसरणी अशी कीं, यंत्र निजविलें म्हणजे पुरे, बंद करण्याची गरज क्वचित्. कागदावर हें तर्कशुद्ध होतें. पण रात्रीं काम आटोपून दिवा मालवावा तसें यंत्र मालवूं पाहणारा गृहस्थ तर्क करीत नाहीं, बटण शोधतो. आणि तें न सांपडल्यास स्वतःसच अडाणी समजूं लागतो. हा अपमान आम्हांस लहान वाटत नाहीं. ती आज्ञा २०१२ मध्यें उघड्यावर परत आली.

असल्या प्रकल्पांत बहुमत मोजीत नाहींत. जो राबतो त्याचा शब्द चालतो. ज्यांस नवी मांडणी पटली नाहीं, परंतु संहिता लिहितां येत होती, त्यांनीं आपला मार्ग धरला. दुसऱ्या आवृत्तीची संहिता घेऊन मेट ही शाखा निघाली. लिनक्स मिंटच्या मंडळींनीं सिनॅमन उभारलें. ग्नोमनेंहि २०१३ मध्यें जुन्या धाटणीची एक 'क्लासिक' मांडणी देऊं केली. ज्यास संहिता लिहितां येत नव्हती, त्याच्या हातीं मात्र मतहि नव्हतें आणि फुटून निघण्याची शक्तीहि नव्हती. त्याचें म्हणणें आंत पोंचावयाचें तर कोणीतरी त्याच्या शेजारीं बसून त्याचा हात कोठें अडखळतो हें पाहावें, एवढाच उपाय. मार्च २०२१ मध्यें निघालेल्या ४० व्या आवृत्तीपूर्वीं ग्नोमच्या रचनाकारांनीं तें केलें. मुलाखती घेतल्या, नवी मांडणी लोकांस वापरावयास दिली आणि मगच ती पक्की केली.

फुटून निघालेल्यांचेंहि सोपें नव्हतें. मेटवाल्यांनीं जुनें घर राखलें खरें, परंतु त्याचा पाया जीटीके या ग्रंथालयाच्या ज्या आवृत्तीवर होता ती मागें पडत चालली होती. तेव्हां जुनेंच रूप टिकविण्यासाठीं आंतील सर्व बांधणी नव्या जीटीकेवर हलवावी लागली. तें काम २०१७ मध्यें पुरें झालें. पडद्यावर फलक होता तेथेंच होता.