वाघात पेंढा भरायला किती दिवस लागतात?



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना हसू आलं असेल. पण हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. तेवढे दिवस गिऱ्हाईक थांबतं का? आणि ते थांबलं, तरी कारागिराचं पोट भरतं का? मेलेल्या प्राण्याचं कातडं टिकवून त्याला पुन्हा जिवंतपणी होता तसा आकार द्यायचा, या कामाला इंग्रजीत टॅक्सिडर्मी म्हणतात. मराठीत आपण सरळ 'पेंढा भरणं' म्हणतो. या धंद्याचा इतिहास मी आज तुमच्यापुढे गिऱ्हाइकाच्या बाजूनं मांडणार आहे. शहापूर-मुरबाडची मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा सुरुवातही इथल्याच गोठ्यातून करू.

म्हशीचं वासरू मेलं की म्हैस पान्हा चोरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यावर जुना उपाय असा की मेलेल्या वासराचं कातडं काढायचं, त्यात भाताचा पेंढा भरायचा, चार काटक्यांचे पाय करायचे आणि धारेच्या वेळी ते म्हशीपुढे ठेवायचं. म्हैस त्याला हुंगते, चाटते आणि दूध सोडते. आता याकडे धंद्याच्या नजरेनं पाहा. गिऱ्हाईक कोण? म्हैस. मुदत किती? पुढच्या धारेपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा दिवस. मजुरी? काही नाही, घरचंच काम. आणि पसंतीची कसोटी डोळ्यांची नाही, नाकाची. वासराचे कान वाकडे झाले तरी चालतात, वास मात्र त्याचाच हवा. त्यामुळे ही वस्तू घाईत करता येते, आणि थोड्याच दिवसांत ती कुजते किंवा वाळून कडक होते, त्याचंही कोणाला दुःख नसतं.

गिऱ्हाईक माणूस झालं की कसोटी डोळ्यांवर येते, आणि तिथून मुदत लांबायला लागते. ती का लांबते, हे नीट समजून घेऊ, कारण सगळं अर्थकारण त्यातच आहे.

प्राणी मेला की कातडं कुजायला तासांत सुरुवात होते. कोकणपट्टीच्या दमट उष्म्यात तर फारच लवकर. आधी पोटाकडचे, कानाकडचे केस सुटायला लागतात, आणि एकदा केस सुटले की जगातला कोणताही कारागीर ते परत बसवू शकत नाही. म्हणून पहिलं काम घाईचं असतं: कातडं सोलायचं, आतलं मांस आणि चरबी खरवडायची, भरपूर मीठ चोळायचं. ही घाई संपली की सगळं संथ होतं. मीठ पाणी ओढून घेतं, त्याला दिवस लागतात. मग कातडं कमावायचं, त्याला आणखी दिवस. दरम्यान प्राण्याच्या मापाचं धड तयार करायचं. पूर्वी पेंढा, काथ्या, कागदाचा लगदा वापरत, आता फायबर वापरतात. त्यावर कातडं चढवायचं, काचेचे डोळे बसवायचे, टाके घालायचे. आणि मग वाट पाहायची. कातडं वाळताना आक्रसतं. पापणी ओढली जाते, ओठ मागे सरतात, टाका उसवतो. रोज जाऊन पाहायचं, टाचण्या सरकवायच्या, दाबायचं, पुन्हा थांबायचं. पावसाळा असला तर कातडं लवकर वाळतच नाही. लहान पक्ष्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, बिबट्या किंवा वाघ असेल तर काही महिने जातात.

या महिन्यांत हाताचं काम थोड्या दिवसांचं असतं. बाकीचे दिवस कातड्याचे असतात, कारागिराचे नसतात. इथेच गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात कायमचा बेबनाव आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, माझी वस्तू नुसती पडून आहे. कारागिराला माहीत असतं, की पडून राहणं हेच यातलं मुख्य काम आहे.

घाई केली तर काय होतं, याचं एक उदाहरण थेट तत्त्वज्ञानाच्या इतिहासात आहे. जेरेमी बेंथम हा उपयुक्ततावादाचा जनक. मेल्यानंतर आपला देह जाळू-पुरू नये, लोकांपुढे ठेवावा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. १८३२ साली तो लंडनमध्ये वारला. त्याच्या सांगाड्याभोवती गवत-पेंढा भरून त्याला त्याचेच कपडे चढवले, ते साधलं. पण डोकं टिकवण्यासाठी ते सल्फ्युरिक ॲसिडवर ठेवून, पंपानं हवा ओढून सुकवलं गेलं. चेहऱ्यावरचा भावच गेला, आणि शेवटी मेणाचं डोकं करून बसवावं लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो आजही तसा बसलेला आहे. उपयुक्तता मोजणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, हा योगायोग मला बोलका वाटतो.

आता धंद्याकडे वळू. ज्या कामात वाट पाहणं जास्त आणि हाताचं काम कमी, ते करून जगायचं कसं? उत्तर एकच: एका वेळी एक वस्तू करायची नाही. एक कातडं मिठात, दुसरं कमावण्यात, तिसरं धडावर, चौथं वाळतंय, अशी रांग लावायची. रांग म्हणजेच भांडवल. पण रांगेत एक सापळा आहे. कारागीर आगाऊ रक्कम घेतो आणि कालच्या कातड्याच्या मिठाला आजच्या गिऱ्हाइकाचे पैसे घालतो. नवं काम येणं थांबलं की जुनं काम पुरं करायला पैसे उरत नाहीत. दिवाळीआधीचा शिंपी याच चक्रात 'उद्या या' म्हणत असतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही माती वाळण्याची वाट पाहावीच लागते, आणि तीही ऐन पावसाळ्यात. पण मूर्तिकाराला चतुर्थी असते. त्या तारखेला गिऱ्हाईक येणार, पैसे देणार आणि माल उचलणार, हे पक्कं. पेंढा भरणाऱ्याला चतुर्थी नसते. त्याच्याकडे 'कधी?' हा प्रश्न वर्षभर येत राहतो.

तरीही आपल्या देशात हा धंदा एका घराण्यानं फार मोठ्या प्रमाणावर चालवला. म्हैसूरची व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन ही पेढी १९०० च्या सुमारास उभी राहिली. तिथे त्रेचाळीस हजारांहून जास्त वाघ-बिबटे तयार होऊन गेले, असं तिच्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे. हा आकडा सत्तर वर्षांवर वाटला तर वर्षाला सहाशेच्या वर जातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन. अस्वलं, गवे, हरणं वेगळीच. हे कसं जमलं? एक तर कामाची वाटणी होती. कोणी डोळे बसवायचा, कोणी जबडा, कोणी नुसतं शिवायचा. धडांचे साचे मापामापांचे तयार असत, म्हणजे दर वाघाला नव्यानं सुरुवात नाही. आणि शिकाऱ्यांसाठी त्यांनी सूचनांची पुस्तिकाच काढली होती: कातडं कसं काढावं, मीठ कसं लावावं, कसं पाठवावं. घाईचं काम त्यांनी गिऱ्हाइकालाच शिकवलं आणि संथ काम स्वतःकडे ठेवलं. शिवाय म्हैसूर साडेसातशे मीटर उंचीवर आहे, तिथली हवा आपल्यासारखी घामट नाही.

पण 'गिऱ्हाइकाला शिकवलं' म्हणताना जरा थांबू. छावणीत कातडं सोलायला साहेब किंवा संस्थानिक स्वतः बसत असे का? क्वचितच. हाका घालणारे आणि सुरी चालवणारे हात बहुधा आसपासच्या रानातल्या माणसांचे असत. केस सुटण्याआधीचे ते पहिले काही तास ज्यांनी सांभाळले, त्यांचं नाव कोणत्याही पाटीवर नाही. पाटीवर नाव शिकाऱ्याचं, फार तर पेढीचं. या धंद्याच्या कमाईचा हिशेब करताना ही न मोजलेली मजुरीही धरली पाहिजे.

मग गिऱ्हाईकच गेलं. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पेंढा भरणाऱ्याला परवाना आणि नोंदवह्या लागू झाल्या. १९८६ च्या दुरुस्तीनं अनुसूचीतल्या संरक्षित प्राण्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद केला. म्हैसूरची पेढी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिटली. कायदा योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्रेचाळीस हजार हा आकडा कारागिरीचा जितका आहे, तितकाच संहाराचाही आहे. पण कायद्यानं धंदा बंद झाला, गरज बंद झाली नाही. कारण या कामाचं दुसरंही एक गिऱ्हाईक आहे, आणि ते पहिल्यासारखं घाईचं नाही. ते म्हणजे संग्रहालय.

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. १९०८ मध्ये एक शाळकरी मुलगा, छऱ्याच्या बंदुकीनं मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन तिथे गेला. सोसायटीचे मिलर्ड यांनी त्याला ती ओळखून दिली आणि कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या कपाटांतले पक्षी ज्यांनी तयार केले, त्यांना या मुलाची काय कल्पना असणार?

याहून नवलाची गोष्ट तुमच्या तालुक्याच्या सीमेवरची आहे. रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड आहे. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसननं १८८० च्या दशकात शहाद्याच्या बाजूला त्याचे नमुने जमवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची सातच कातडी होती, आणि त्यातलं एक कर्नल माइनर्ट्झहागेन यानं १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला मिळवलं, अशी चिठ्ठी त्याला होती. त्यानंतर पक्षी दिसेना. तो नामशेष झाला असं लोक मानू लागले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी ते कातडं तपासलं, त्याचे एक्स-रे काढले. वरून नव्यानं भरलं होतं, पण आत जुन्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या, आणि तो हात डेव्हिडसनच्या नमुन्यांचा होता. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधलं कातडं चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी जागा वगळून खऱ्या जागी शोध घेतला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आणि २०१४ मध्ये तो तुमच्या तानसा अभयारण्यातही नोंदवला गेला.

यातून मला जे सांगायचं आहे ते असं: पेंढा भरणाऱ्याचं खरं गिऱ्हाईक पुष्कळदा जन्मलेलंच नसतं. शिकारी सहा महिन्यांत कुरकुरायला लागतो. शास्त्र मात्र शंभर वर्षं थांबतं, आणि मग येऊन टाके तपासतं. पण जो अजून जन्मलेला नाही तो आगाऊ रक्कम कशी देणार? म्हणून हे काम बाजारावर सोडून चालत नाही. त्याच्या वाट पाहण्याचे पैसे समाजानं द्यावे लागतात.

आज महाराष्ट्रात हे काम कुठे होतं? बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्यप्राण्यांचं टॅक्सिडर्मी केंद्र आहे. ते उभं केलं डॉ. संतोष गायकवाड यांनी. ते परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईच्या संग्रहालयातले प्राणी पाहून त्यांनी हे मनावर घेतलं आणि बरंचसं स्वतःच शिकले, कारण शिकवणारी परंपरा तुटलेली होती. नैसर्गिकपणे मेलेले प्राणी, वनखात्याची परवानगी, आणि तयार झालेली वस्तू शिक्षणासाठी, अशी तिथली रीत. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. हे काम उभं राहिलं ते प्राध्यापकाच्या पगाराच्या आधारावर. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं, त्यालाच वाळणाऱ्या पापणीची वाट पाहणं परवडतं. एखाद्या होतकरू मुलाला यावर घर चालवायचं असेल तर त्याच्यापुढे काय आहे? पाळीव कुत्रा, मांजर, पोपटाऐवजी पाळलेला परदेशी पक्षी. तिथे गिऱ्हाईक म्हणजे दुःखातलं घर. त्यांना वस्तू उद्या हवी असते, आणि तीन-चार महिन्यांनी ती तयार होते तेव्हा कधी कधी घरात नवं पिल्लू आलेलं असतं. अशा धंद्यात पहिल्या दिवशीच मुदत स्पष्ट सांगणं, ही कारागिरीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

आता तुमच्या-आमच्या भागाचं. माळशेजच्या पायथ्याला, तानसाच्या रानात बिबटे आहेत. त्यातला एखादा रस्त्यावर गाडीखाली येतो. मेलेला वन्यप्राणी कायद्यानं सरकारची मालमत्ता. त्याचं शवविच्छेदन होतं आणि पंचांसमक्ष त्याला जाळलं जातं. त्यामागचं कारण खरं आहे: कातडं, नखं, मिशा बाजारात जाऊ नयेत. ही व्यवस्था मोडा असं मी म्हणत नाही. पण या दोन तालुक्यांतल्या किती मुलांनी बिबट्या हातभर अंतरावरून, शांतपणे पाहिला आहे? ते त्याला ओळखतात ते भीतीनं, नाही तर मोबाइलवरच्या चित्रफितीनं. दहा-वीस वर्षांत एक, सरकारी परवानगीनं, नीट तयार केलेला बिबट्या इथल्या एखाद्या सार्वजनिक जागी असावा, असं मला वाटतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतील: पहिल्या काही तासांत कातडं वाचवणारे शिकलेले स्थानिक हात, शीतपेटी, आणि कारागिराला दर नगामागे नव्हे तर महिन्याला मिळणारं वेतन. पहिली गोष्ट आपल्या रानात पूर्वीपासून होती. तिला नाव आणि मजुरी, दोन्ही कधी मिळालं नाही.

तेव्हा वाघात पेंढा भरायला किती दिवस लागतात? कातडं म्हणेल तितके. ते दिवस कमी करता येत नाहीत. त्या दिवसांत कारागिराच्या घरची चूल पेटती राहील का, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे. आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही, ग्रामपंचायतीच्या, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या अंदाजपत्रकात आहे.